शिक्केसाहेबांची पडताळणी

सगळं बिनसलं ते रजेच्या अर्जापायी, असं शिक्केसाहेब आजही सांगतात. त्यांच्या ताईचं म्हणणं असं, की बिनसलं वगैरे काही नाही, हा मुळातच भित्रा. दोघांचंही खरं आहे. पण गोष्ट सांगायची तर अर्जापासूनच सांगावी लागेल, कारण शिक्केसाहेबांच्या आयुष्यात लग्न सोडलं तर कुठलीच गोष्ट अर्जाशिवाय सुरू झालेली नाही.

शिक्केसाहेब म्हणजे वजनमापं खात्याचे निरीक्षक. हे नाव बाजारानं ठेवलेलं. वर्षातून एकदा ते दुकानात येत, लाकडी पेटी उघडत, आत मखमलीवर पहुडलेली पितळी वजनं एकेक करून काट्यावर ठेवत आणि काटा बरोबर निघाला, तर त्याच्या शिशाच्या गोळीवर वर्षाचा शिक्का ठोकत. मुदत एक वर्ष. दुकानदारांची रड ठरलेली असे, "साहेब, काटा अगदी बरोबर आहे हो. दहा वर्षांत एक तक्रार नाही. कशाला त्रास घेता?" साहेबांचं उत्तरही ठरलेलं. "बरोबर दिसतोय, म्हणूनच तपासायचा. चुकलेला दिसायला लागल्यावर मी कशाला हवा? तेव्हा गिऱ्हाईकच सांगेल." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडे, की एखाद्या दुकानदारानं रड काढलीच नाही तर ते हिरमुसून जात.

अशा माणसावर स्वतःची तपासणी करून घ्यायची पाळी आली.

आठ महिन्यांपूर्वी ताईच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर होता, पण वेळेत सापडला. ताई शाळेत गणित शिकवते. शुद्धीवर आल्याआल्या तिनं पहिला प्रश्न विचारला, "किती सेंटीमीटर कापलं?" आकडा ऐकून तिचं समाधान झालं आणि ती पुन्हा झोपली. मग डॉक्टरीणबाईंनी घराण्याची चौकशी सुरू केली. आजोबा कशानं गेले? पोटाच्या दुखण्यानं. वडील? पोटाच्या दुखण्यानं. धाकटे काका? तेही पोटानंच. या घरात त्या आजाराला दुसरं नावच नव्हतं. 'आपल्या घरात पोटं नाजूक' एवढ्यावर तीन पिढ्यांनी विषय मिटवला होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर तिघांची वयं मांडली. तिघेही पन्नाशीच्या आत. त्या म्हणाल्या, "याला नाजूक म्हणत नाहीत."

ताईच्या रक्ताची तपासणी झाली आणि पिढ्यानुपिढ्या खाली उतरत आलेला एक दोष सापडला. प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी निम्मी. रक्त हातातून काढतात, म्हणून शिक्केसाहेबांनीही ते ऐटीत काढून दिलं. त्यांच्यातही दोष निघाला. वय वर्षं एक्कावन्न.

"दोष आहे म्हणजे आजार आहेच, असं नाही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "पण दुर्बीण घालून आतडं बघायला हवं आणि दर वर्षी बघत राहायला हवं. बारीक कोंब आलेले असतील तर तिथल्या तिथे काढून टाकता येतात. आजार व्हायच्या आधीच."

"दुर्बीण कुठून घालतात?" शिक्केसाहेबांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. शिक्केसाहेबांनी त्यांना नमस्कार केला, घरी आले आणि पाच महिने या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत.

त्यांना बोलतं केलं ते लेकीनं. ती चोवीस वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. तिनंही रक्त तपासून घ्यावं असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कारण बापातला दोष तिच्यातही असण्याची शक्यता निम्मीच. एके दिवशी चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, तुमची तपासणी झाली की मी माझी करणार. तुम्ही टाळाल तोवर मीही टाळणार." शिक्केसाहेबांच्या मते ही सरळसरळ दमदाटी होती. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि सकाळी त्यांनी अर्ज लिहायला घेतला.

अर्जात 'रजेचे कारण' असा रकाना असतो. साहेबांनी लिहिलं, 'वैयक्तिक'. हेडक्लार्कनं तो परत केला. दोन दिवसांच्या वैयक्तिक रजेला तपशील लागतो म्हणाला. साहेबांनी लिहिलं, 'वैद्यकीय'. पुन्हा परत. वैद्यकीय रजेला आजार लागतो, आणि आजार तर नाही.

"अहो, आजार होऊ नये म्हणूनच तपासणी आहे," साहेब कळवळून म्हणाले.

"मग आजार झाल्यावर या," हेडक्लार्क म्हणाला. माणूस वाईट नव्हता. नियम तसा होता.

शेवटी साहेबांनी दात-ओठ खात, आयुष्यभर वापरलेल्या भाषेत लिहून टाकलं, 'स्वतःच्या मोठ्या आतड्याची पडताळणी'. अर्ज मोठ्या साहेबांकडे गेला आणि चार दिवसांनी शेरा घेऊन परत आला. 'सदर पडताळणी शासकीय आहे की खासगी, याचा खुलासा करावा. शासकीय असल्यास आतडे कोणाच्या कार्यक्षेत्रात येते, तेही नमूद करावे.' साहेबांनी खुलासा केला. खुलाशावर शेरा आला. शेऱ्याला उत्तर गेलं. ही कागदं ज्या ज्या टेबलावरून गेली, त्या त्या टेबलानं ती मन लावून वाचली. तिसऱ्या आठवड्यात रजा मंजूर झाली तोवर अख्ख्या कार्यालयाला साहेबांचं आतडं तोंडपाठ झालं होतं. शिपाई चहा ठेवता ठेवता अदबीनं विचारायचा, "साहेब, आतून फोटो काढतात म्हणे. मग ते घरी देतात का?"

ही बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. साहेबांच्या समोरच्या घरात एक निवृत्त हेडमास्तर राहतात. दार उघडं दिसलं की ते आत येतात आणि बंद दिसलं तर वाजवून येतात.

"काही गरज नाही," ते खुर्चीत बसत म्हणाले. "माझ्याकडे बघा. एकाहत्तर वर्षांत एकही तपासणी केली नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. हेडमास्तरांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते, एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि त्यांच्याशी उजव्या बाजूनं बोलावं लागत असे, कारण डावा कान केव्हाच निवृत्त झाला होता.

"घास बत्तीस वेळा चावा," हेडमास्तर पुढे म्हणाले. "आतड्याचं निम्मं काम दातांनी करायचं. मग बघा, आतडं आनंदात राहतं की नाही."

साहेबांच्या बायकोनं ओठ घट्ट मिटून त्यांच्यापुढे चहा ठेवला. हेडमास्तरांना दातही स्वतःचे नव्हते.

तपासणी शुक्रवारी सकाळी होती. आदल्या दिवशी फक्त पातळ, गाळलेलं घ्यायचं, आणि दुपारी चारपासून एक औषधी पूड लिटरभर पाण्यात कालवून प्यायची. पहाटे उठून दुसरा लिटर. त्यानं आतडं पार स्वच्छ होतं. किती स्वच्छ आणि किती वेगानं, ते हॉस्पिटलच्या पत्रकात सभ्य भाषेत लिहिलं होतं. साहेबांनी स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा मग नाकारला. "यावर लिटरची खूण आहे, पण खरं कोण सांगणार?" म्हणत ते स्वतःचं प्रमाणित माप घेऊन आले, डोळ्याच्या रेषेत धरून पाणी मोजलं आणि बरोबर चारला पहिला पेला तोंडाला लावला. चव खारट होती. वरून लिंबाचा वास होता, पण त्या वासावर विश्वास ठेवण्यासारखं काही आत नव्हतं.

सव्वाचारला दुसरा पेला. साडेचारला तिसरा. पावणेपाचला शिक्केसाहेब पेला खाली ठेवून लगबगीनं संडासाकडे गेले.

पाच वाजता आतून हाक आली, "अगं, पाणी येत नाहीये!"

बायकोनं स्वयंपाकघरातला नळ सोडला. नळ नुसता खाकरला. तिनं जिन्यात येऊन सूचनाफलक बघितला. तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की गच्चीवरची टाकी धुण्यासाठी गुरुवारी दुपारी चार ते संध्याकाळी सात इमारतीचं पाणी बंद राहील, रहिवाशांनी आधीच भरून ठेवावं. खाली सही होती. सचिव. म्हणजे खुद्द शिक्केसाहेब. ही तारीख त्यांनी महिन्यापूर्वी ठरवली होती. रजेची तारीख मात्र शेऱ्यांनी ठरवली आणि दोन्ही गुरुवारी भेटल्या. सगळ्या इमारतीनं पाणी भरून ठेवलं होतं. सचिवांच्या घरी तेवढं राहिलं होतं.

बायको बादली घेऊन समोर गेली. हेडमास्तरांना परिस्थिती समजली आणि तीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसाचा आवाज जिन्यात घुमला. "सगळ्यांनी लक्ष द्या! सचिवांच्या घरी पाणी पोचवायचं आहे! तातडीनं! कारण विचारू नका!" कारण विचारायची गरजच नव्हती. कार्यालयातली बातमी खालच्या किराणावाल्यामार्फत कधीच चारही मजले चढून गेली होती.

पुढचे दोन तास शिक्केसाहेबांच्या दाराशी बादल्यांची रीघ लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी तांब्या पाठवला, वर निरोप, की आणखी लागला तर कळवा. ज्यांच्याशी साहेबांचं गाडी लावण्यावरून सहा महिने बोलणं बंद होतं ते शेजारी दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन आले आणि गुपचूप ठेवून गेले. किराणावाल्यानं तर दुकान सोडून पाण्याचं पिंपच वर आणलं. साहेब आतून सगळं ऐकत होते. प्रत्येक बादलीबरोबर त्यांच्या अब्रूचा एकेक थर वाहून जात होता. हेडमास्तर तर दाराला तोंड लावून विचारत, "आता कसं वाटतंय?" आणि उत्तर ऐकू आलं नाही की पुन्हा विचारत.

इतकं सगळं सोसून, रिकाम्या पोटानं शुक्रवारी सकाळी शिक्केसाहेब हॉस्पिटलात पोचले. तिथे त्यांना एक झगा मिळाला. त्याला पुढून सगळं होतं, मागून फक्त दोन नाड्या होत्या. एक हात मागे धरून ते उभे राहिले. सिस्टर म्हणाली, "काका, काट्यावर या. गुंगीचं औषध वजनावर ठरतं."

काटा म्हणाला, चौऱ्याहत्तर किलो.

शिक्केसाहेब खाली उतरले. पुन्हा चढले. चौऱ्याहत्तर. "शक्य नाही," ते म्हणाले. "परवा कार्यालयातल्या काट्यावर मी एकाहत्तर होतो. आणि कालपासून तर माझ्यातून किती गेलंय ते मलाच माहीत."

"दोन-तीन किलो इकडे तिकडे होतात हो काका."

इथे सिस्टरकडून चूक झाली. अठ्ठावीस वर्षं जे वाक्य ऐकून साहेबांच्या अंगाचा तिळपापड होत आला होता, नेमकं तेच ती बोलली. ते हळूच वाकले. म्हणजे झगा सांभाळत जेवढं वाकता येईल तेवढे वाकले. काट्याची शिशाची गोळी बघितली. तिच्यावरच्या शिक्क्याची मुदत चार वर्षांपूर्वी संपलेली होती.

त्या क्षणी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं, असं त्यांनी पुढे ताईपाशी कबूल केलं. सकाळपासून ते घाबरलेले रुग्ण होते. आता ते निरीक्षक झाले. त्यांनी फोन मागवून घेतला, कार्यालयात लावला आणि वजनांची पेटी मागवली. अर्ध्या तासात दोन सहकारी वीस वीस किलोची वजनं घेऊन हजर झाले. साहेबांना त्या झग्यात बघून दोघांनी एकदम भिंतीकडे तोंड फिरवलं, पण नोकरीला इमान राखून वजनं काट्यावर ठेवली. साठ किलोला काटा त्रेसष्ट दाखवत होता. पंचनामा झाला. पंच म्हणून शेजारच्या खाटेवरचे दोन रुग्ण आले, तेही झग्यात, तेही एक हात मागे धरून. साहेबांनी सही ठोकली, काटा वापरातून बाद केला आणि हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांना ठरलेलं व्याख्यान दिलं. ते ऐकताना व्यवस्थापक कुठे बघावं ते न कळून वर छताकडे बघत राहिले.

हे सगळं आटपेपर्यंत दोन तास गेले. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "तुमचा नंबर केव्हाच गेला," त्या म्हणाल्या. "काटा पकडलात हे चांगलं केलंत, मनापासून आभार. पण आता मला पुढच्या ऑपरेशनला जायचंय. तुमची पुन्हा सगळी तयारी, दहा दिवसांनी."

"सार्वजनिक हिताचा प्रश्न होता," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बाई क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

घरी येऊन त्यांनी भरपेट जेवण केलं. लेकीला हा पराक्रम सांगितला. ती हसली नाही. "म्हणजे नाही झाली," एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. संध्याकाळी ताईचा फोन आला.

"छोट्या, पळालास ना?"

एक्कावन्नाव्या वर्षी माणसाला छोट्या म्हणणारं एकच माणूस उरलेलं असतं, आणि त्याच्यापुढे काही चालत नाही. तरी साहेबांनी सांगून बघितलं, "ताई, काटा खरंच चुकीचा होता."

"असेल ना. तू सांगतोस म्हणजे असणारच. पण सिस्टरला तेवढं सांगून तू आत जाऊ शकला असतास. पेटी संध्याकाळीही मागवता आली असती." मग ती म्हणाली, "बाबा काय म्हणायचे आठवतंय? 'पुढच्या महिन्यात दाखवतो.' तू बारा वर्षांचा होतास. किती पुढचे महिने झाले, तू मोजले नसशील. मी मोजलेत. सात झाले. त्यांना तर कुणी सांगणारं नव्हतं की काय आहे ते. तुला कागदावर लिहून दिलंय, आणि तू झग्यात पंचनामे करत बसलास."

ताईनं फोन ठेवताना नेहमीसारखं 'बरं' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शिक्केसाहेब पेटी घेऊन खालच्या किराणावाल्याकडे तपासणीला गेले. त्याची मुदत त्या आठवड्यात संपत होती. किराणावाल्यानं काट्यावर मायेनं हात ठेवला आणि रड काढली, "साहेब, काटा एकदम बरोबर आहे हो. आज गर्दी आहे. पुढच्या आठवड्यात करू की."

साहेबांच्या तोंडातून सवयीनं वाक्य निघालं. "बरोबर दिसतोय, म्हणूनच तपासायचा. चुकलेला दिसायला लागल्यावर मी कशाला..."

आणि ते मधेच थांबले.

किराणावाल्यानं पिंप वर चढवलेलं होतं, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. टोमणा मारायचा त्याचा मुळीच विचार नव्हता. त्यानं काट्यावरचा हात काढला, काटा साहेबांपुढे सरकवला आणि साध्या आवाजात विचारलं, "साहेब, मग तुमचं झालं का?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. साहेबांनी हातातलं वजन परत पेटीत ठेवलं. ते म्हणाले, "नाही झालं. मी घाबरलो." हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते, आणि तेही किराणा दुकानात, साबणाच्या वड्या आणि डाळींच्या पोत्यांसमोर.

"घाबरायला होणारच," किराणावाला म्हणाला. "तुम्ही पेटी घेऊन आलात की माझंही तेच होतं. पण शिक्का मारून तुम्ही गेलात की वर्षभर बरं वाटतं."

दुसऱ्या खेपेला रजेचा अर्ज एका दिवसात मंजूर झाला. हेडक्लार्कनं जुनाच अर्ज काढून तारीख बदलून घेतली आणि कानात म्हणाला, "साहेब, माझ्याही घरी दोघं पोटानं गेलेत. तुमचं झालं की मला पत्ता द्या." या वेळी पाणी चालू होतं. तरीही दारात चार बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. कुणी ठेवल्या ते अजून कळलेलं नाही. ताई आदल्या दिवशी दुपारीच येऊन बसली, हातात घड्याळ घेऊन, आणि दर पंधरा मिनिटांनी पेला पुढे करत राहिली. साहेबांनी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "मीही प्यायलेय. संपव म्हटलं की संपतं."

हॉस्पिटलात नवा काटा होता. शिक्का त्या वर्षाचा. साहेबांनी त्याकडे एक नजर टाकली आणि मुकाट्यानं वर चढले. एकाहत्तर. सिस्टर हसली. मग त्यांनी एक बारीकशी सुई टोचलेली बघितली, दिवा बघितला, आणि तपासणी कधी सुरू होते हे विचारायला तोंड उघडलं, तोवर ती संपून अर्धा तास झाला होता. ज्या गोष्टीला भिऊन माणसानं पाच महिने, दोन अर्ज आणि एक पंचनामा खर्ची घातला, ती गोष्ट त्याच्या नकळत होऊन गेली होती. साहेबांना याचं थोडं वाईटसुद्धा वाटलं.

डॉक्टरीणबाई खाटेजवळ आल्या. फोटो खरंच देतात. त्यांनी तो दाखवला.

"तीन कोंब होते. तिन्ही काढले. हा एक मोठा होता." त्यांनी बोट ठेवलं. "तपासणीला पाठवतेय, पण मला वाटतं अजून कॅन्सर झालेला नाही. व्हायच्या वाटेवर होता. तुम्ही आणखी वर्ष-दोन वर्षं थांबला असता, तर आज मी तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलत असते."

आठवड्यानं तसाच अहवाल आला. पण शिक्केसाहेब अहवालाची वाट न बघता त्याच खाटेवर रडले. ढसाढसा रडले. गुंगीच्या औषधानं असं होतं, असं ते सांगतात. सिस्टर म्हणते, तसं काही होत नाही. त्यांनी ताईचा हात धरला. त्यांच्या घरात एकमेकांचे आभार मानायची पद्धतच नव्हती, ते कसे मानतात तेही त्यांना धड माहीत नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "तुझं सापडलं म्हणून माझं सापडलं. दुखणं तू सोसलंस आणि वाचलो मी. हे मी कसं फेडू?"

"फेडू नकोस. दर वर्षी येत जा," ताई म्हणाली, आणि तीही रडली. मग तिनं फोटो उचलून नीट बघितला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मोठा किती मिलिमीटरचा होता?"

घरी येताना जिन्यात हेडमास्तर उभे होते. त्यांनी काही विचारायच्या आत साहेबांनी त्यांना उजव्या बाजूनं जाऊन मिठी मारली. गाडीवाल्या शेजाऱ्यांच्या दाराची घंटा वाजवून त्यांचे दोन बादल्यांसाठी आभार मानले. आजीबाईंचा तांब्या घासूनपुसून स्वतः परत केला. लोकांना वाटलं, साहेबांचं बिनसलं. पण त्यांचं मन इतकं भरून आलं होतं की ते कुठेतरी रितं करणं भागच होतं.

त्यांच्या हातात हॉस्पिटलचं कार्ड होतं. त्यावर पुढच्या तपासणीची तारीख. मुदत एक वर्ष. त्यांनी ते कार्ड पितळी वजनांच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला लावून टाकलं. किराणावाल्याचा राहिलेला काटा तपासायला गेले तेव्हा त्यानं रड न काढता आधी पेटीचं झाकण वर केलं, तारीख वाचली, मान डोलावली आणि मगच काटा पुढे केला.

त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी साहेब पेपर वाचत बसले होते. लेक टेबलाशी कागद घेऊन बसली होती. बराच वेळ नुसतीच पेनाचं टोपण काढत आणि लावत होती.

"काय लिहितेस?" त्यांनी विचारलं.

"रजेचा अर्ज. सोमवारचा." तिनं वर बघितलं नाही. "रक्त द्यायला जायचंय ना. बाबा, रजेचं कारण काय लिहू?"

शिक्केसाहेबांच्या हातातला पेपर खाली आला. निम्मी शक्यता. ताईच्या वाट्याला आली, त्यांच्या वाट्याला आली. आजोबांना, बाबांना, काकांना कुणी शक्यता सांगितलीच नव्हती, त्यांना 'कारण' हा रकानाच मिळाला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला. उठून लेकीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पडताळणी लिही," ते म्हणाले. "आणि तुमच्या हेडक्लार्कनं परत केला तर सांग, बाबा स्वतः खुलासा करायला येतील. सोमवारी माझीही रजा टाकलेली आहे."

लेकीनं लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि अर्ज बाबांपुढे सरकवला.